मीरतचे सोने आणि सरकारचे सार्वभौमत्व

२० सप्टेंबर १९४७ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास फ्रंटियर मेलने मीरतच्या स्थानकावर एक सराफ उतरला. अमृतसरच्या एका पेढीचा तो भागीदार होता. जवळ सोने होते, चांदी होती, आणि तो माल मीरतच्या बाजारात विकावा असा त्याचा विचार होता. फाळणी होऊन जेमतेम महिना उलटला होता. अशा दिवसांत, अशा अवेळी, गाठोडे घेऊन रस्त्याने जाणारा परका माणूस पोलिसांना संशयास्पद वाटावा, यात नवल नाही. चौपला बाजारात तीन शिपायांनी त्याला हटकले, झडती घेतली आणि कोतवालीत नेऊन बसविले. १०३ तोळ्यांवर सोने आणि दोन मणांवर चांदी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी सराफ जामिनावर सुटला. काही काळाने चांदीही परत मिळाली. सोने मात्र मिळाले नाही. ज्या हेड कॉन्स्टेबलच्या स्वाधीन ते होते, त्यानेच ते लांबविले आणि १७ ऑक्टोबर १९४७ रोजी तो पाकिस्तानात निघून गेला.

कुंपणाने शेत खाल्ले तर शेतकऱ्याने कोणाकडे पाहावे? सराफाने सरकारकडे पाहिले. त्याची मागणी साधी होती. माझे सोने द्या. ते नसेल तर त्याची किंमत, म्हणजे ११,०७५ रुपये १० आणे, आणि वर काही व्याज द्या. खालच्या न्यायालयाने दावा मान्य केला. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आले आणि सप्टेंबर १९६४ मध्ये, म्हणजे त्या रात्रीनंतर सतरा वर्षांनी, निकाल लागला. निकालपत्र लिहिले सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्यात जन्मलेला, पुण्यात शिकलेला आणि कामगारांच्या हक्कांविषयी आस्था बाळगणारा हा न्यायाधीश. त्यांच्या लेखणीतून उतरलेला हा निकाल सराफाच्या विरुद्ध गेला.

पोलिसांनी निष्काळजीपणा केला काय? न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की केला. जप्त केलेला मौल्यवान माल तोलून, त्याची यादी करून सरकारी खजिन्यात ठेवावा, असे उत्तर प्रदेश पोलिसांचेच नियम सांगत होते; ते पाळले गेले नव्हते. मग सरकारने भरपाई द्यावी हे ओघानेच आले, असे कोणाही सामान्य माणसाला वाटेल. परंतु कायद्याचा ओघ निराळा होता. अटक करणे, झडती घेणे, माल जप्त करणे हे कायद्याने दिलेले सार्वभौम सत्तेचे अधिकार. ते बजावत असता नोकराच्या हातून अपकृत्य घडले, तर धनी त्याला बांधलेला नाही. म्हणजे सरकारी मोटारीखाली कोणी सापडला तर सरकार भरपाई देईल. तसे सर्वोच्च न्यायालयानेच दोन वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, उदयपूरच्या एका प्रकरणात ठरविले होते. पण सरकारी कोठडीत सोने सापडेनासे झाले तर सरकार हात वर करील. या निकालाची गंमत, की शोकांतिका, अशी की तो देणाऱ्यांनाच तो रुचला नव्हता. कायद्याची ही अवस्था असमाधानकारक आहे आणि विधिमंडळाने त्यात लक्ष घातले पाहिजे, असे गजेंद्रगडकरांनी त्याच निकालपत्रात नमूद केले. न्यायाधीशाने कायदा सांगितला आणि कायदा करणाऱ्यांकडे बोट दाखविले. ते बोट आज साठ वर्षे तसेच रोखलेले आहे.

हे सार्वभौमत्वाचे कवच आले कोठून, हे पाहण्याजोगे आहे. राज्यघटनेचे ३०० वे कलम सांगते की, राज्यघटना येण्यापूर्वी सरकारवर ज्या बाबतीत दावा लावता येत असे, त्याच बाबतीत तो पुढेही लावता येईल. संसदेने किंवा विधिमंडळाने वेगळा कायदा केला तर गोष्ट निराळी. म्हणजे प्रजासत्ताकाच्या नागरिकाचा हक्क मोजण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची मापे काढावी लागतात. ती मापे १८६१ च्या एका कलकत्त्याच्या खटल्यात सापडतात. खिदिरपूरच्या सरकारी गोदीजवळून एका जहाज कंपनीची घोडागाडी चालली होती. गोदीतील मजूर एक जड लोखंडी वस्तू वाहून नेत होते. गाडी अंगावर येते असे पाहून त्यांनी ती खाली टाकली, तिच्या आवाजाने घोडा बुजला आणि लोखंडावर आदळून जखमी झाला. मालकाने ३५० रुपये मागितले. सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी सांगितले की, गोदी चालविणे हे काही सार्वभौम काम नव्हे, कोणी व्यापारीही ते करू शकतो, तेव्हा सरकारने पैसे द्यावेत. बोलता बोलता त्यांनी असेही म्हटले की, काम सार्वभौम सत्तेचे असते तर गोष्ट वेगळी झाली असती. खटल्याच्या निकालाला या वाक्याची गरज नव्हती. पण शंभर वर्षांनी मीरतच्या सराफाला बाधले ते हेच वाक्य. कलकत्त्याच्या घोड्याला भरपाई मिळाली. मीरतच्या माणसाला मिळाली नाही.

मधल्या काळात निराळा विचार कोणी मांडला नव्हता असे नाही. मद्रास उच्च न्यायालयाने १८८२ मध्ये, मुंबईहून मलबारकडे निघालेल्या मिठावरील कराच्या एका वादात, सरकारचे हे कवच पुष्कळ अरुंद मानले होते. परकीय सत्तांशी होणारे व्यवहार, युद्ध, तह अशा कृत्यांपुरतेच ते आहे, स्वतःच्या प्रजेशी वागताना नाही, असा त्या निकालाचा रोख होता. तो धागा पुढे धरला गेला असता तर मीरतचा निकाल वेगळा लागण्यास जागा होती.

ज्या इंग्रजांकडून आपण ही कल्पना उचलली, त्यांनी ती केव्हा टाकली? १९४७ च्या जुलैमध्ये. त्या महिन्याच्या अखेरीस क्राउन प्रोसीडिंग्ज ॲक्ट संमत झाला आणि नोकराच्या अपकृत्याबद्दल इंग्लंडात राजसत्तेवर साध्या मालकाप्रमाणे दावा लावता येऊ लागला. पंधरा दिवसांनी आपण स्वतंत्र झालो. त्यानंतर पाच आठवड्यांनी सराफ मीरतच्या कोतवालीत बसला होता. राजा गेला, राजाला लागू असलेली सूट आपण लोकशाही सरकारासाठी ठेवून घेतली.

खरे तर इंग्लंडात त्याही आधी, राजाचे संरक्षण कायम असताना, राजाच्या अधिकाऱ्यांना मात्र ते नव्हते. १७६३ मध्ये 'नॉर्थ ब्रिटन' या पत्राच्या ४५ व्या अंकाने मंत्र्यांना झोंबेल असे लिहिले म्हणून लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी नाव नसलेले सरसकट वॉरंट काढले. त्यावर अनेक मुद्रक आणि छापखान्यांतील कामगार पकडले गेले. त्यांतील एका कामगाराला सुमारे सहा तास अडकवून ठेवण्यात आले. त्याला मारहाण झाली नाही. उलट खायला मांस आणि प्यायला बिअर देण्यात आली. त्याची मजुरी आठवड्याला एक गिनी. ज्यूरीने त्याला भरपाई दिली ३०० पौंड! सरकारी वकिलांनी ही रक्कम भरमसाट असल्याची तक्रार केली, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती प्रॅट यांनी ती कमी करण्यास नकार दिला. नाव नसलेल्या वॉरंटावर नागरिकाच्या घरात शिरणे हे सहा तासांच्या हिशेबाने मोजायचे कृत्य नव्हे, असा त्यांचा अभिप्राय होता. ज्या पत्रावरून हे सारे घडले त्याचे कर्ते जॉन विल्क्स यांना तर पुढे खुद्द लॉर्ड हॅलिफॅक्सकडून ४,००० पौंड मिळाले. वृत्तपत्राच्या वाचकांनी ही हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडे विधी आयोगाचा पहिलावहिला अहवालच या विषयावर होता. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९५६ मध्ये सुचविले की, सरकारच्या अपकृत्य-दायित्वाचा स्वतंत्र कायदा करावा आणि सार्वभौम व असार्वभौम हा भेद मोडीत काढावा. त्यावरून १९६५ मध्ये विधेयक आले, १९६७ मध्ये पुन्हा आले, संयुक्त समितीकडे गेले आणि लोकसभा विसर्जित झाली तसे तेही विसर्जित झाले. त्यानंतर दिल्लीत अनेक रंगांची सरकारे आली. एकमेकांची किती धोरणे त्यांनी उलटविली याची गणती नाही. या एका बाबतीत मात्र सर्वांचे एकमत दिसते. जे दावे आपल्यावरच यायचे, त्यांचा दरवाजा आपणच उघडावा असे कोणाला वाटेल?

संसदेने न केलेले काम न्यायालयांनी आडवाटेने केले. त्याची सुरुवात १ ऑगस्ट १९८३ रोजी झाली आणि पुन्हा एका मराठी सरन्यायाधीशाच्या हातून झाली, हा योगायोग सुखद आहे. रुदल शाह खटल्यातील कैद्याला मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी निर्दोष सोडले होते. तुरुंगातून तो बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. मधली चौदा वर्षे त्याला का ठेवले, या प्रश्नावर बिहार सरकारने तो वेडा होता असे उत्तर दिले. न्यायालयाला त्याचा पटण्याजोगा पुरावा दिसला नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी विचारले तो प्रश्न मूळ दुखण्याला हात घालणारा होता. हेबिअस कॉर्पसच्या अर्जावर न्यायालय फक्त सुटकेचा हुकूम देणार असेल आणि माणूस तर आधीच सुटलेला असेल, तर २१ व्या कलमाने दिलेल्या हक्काला अर्थ काय उरला? त्यांनी ३०,००० रुपये भरपाई द्यायला लावली. आधी दिलेले ५,००० धरून ३५,०००. ही रक्कम अंतरिम आहे, पुरी भरपाई दिवाणी दाव्याने मागता येईल, हेही सांगितले. त्या दाराने आत शिरलेली भरपाईची कल्पना पुढे रुजली, म्हणून या निकालाचे महत्त्व मोठे. तरीही हिशेब मांडलाच तर ५,२४८ दिवसांचे ३५,००० रुपये; दिवसाला पावणेसात रुपयेसुद्धा नव्हेत.

दोनच वर्षांनी काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना विधानसभेच्या अधिवेशनाला जाता येऊ नये म्हणून वाटेत पकडण्यात आले आणि काही दिवस डांबून ठेवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५०,००० रुपये देवविले. १९९० मध्ये दिल्लीत पोलिसी मारहाणीने दगावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला ७५,००० मिळाले. ही रक्कम दोषी पोलिसांकडून वसूल करण्याची मुभाही न्यायालयाने प्रशासनाला दिली. १९९३ मध्ये ओडिशातील निलाबती बेहेरा प्रकरणात कोठडीत मरण पावलेल्या २२ वर्षांच्या तरुणाच्या आईला दीड लाख रुपये देताना न्यायमूर्ती वर्मा यांनी मीरतच्या निकालाला बाजूला सारले. मूलभूत हक्क पायदळी तुडविला गेला असेल तेथे सार्वभौमत्वाचा बचाव चालणार नाही, तो खासगी कायद्यातील दाव्यापुरता, असे त्यांनी स्पष्ट केले. २०१८ मध्ये शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना, १९९४ मधील त्यांच्या अनाठायी अटकेबद्दल, ५० लाख रुपये देण्याचा आदेश झाला. याच्या दोनच वर्षे आधी अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयानेच निर्दोष सोडलेल्या, काहींना तर फाशीची शिक्षा झालेल्या माणसांनी भरपाई मागितली, तेव्हा तसे केल्यास घातक पायंडा पडेल म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले होते.

एकेका निकालामागे त्याची त्याची कारणे असतात, ती नाकारण्याचे कारण नाही. पण ही यादी एखाद्या परदेशी माणसापुढे ठेवली आणि यावरून भारतात बेकायदा कोठडीची भरपाई कशी ठरते ते सांगा, असे विचारले तर तो काय सांगेल? चौदा वर्षांना पस्तीस हजार, चार दिवसांना पन्नास हजार. ज्याचा वकील मोठा, ज्याचे नाव वर्तमानपत्रांत, ज्याचा अर्ज योग्य दिवशी योग्य पीठापुढे आला त्याला मिळते; इतरांना नाही. न्यायाधीशांच्या सदसद्विवेकावर उभा असलेला हक्क हा हक्क नव्हे, तो अनुग्रह होय. आणि हे आपल्या सरकारला पुरते ठाऊक आहे. १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला, तेव्हा त्यातील बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क देणाऱ्या कलमावर आपण आक्षेप नोंदवून ठेवला: आमच्या कायद्यात असा हक्क नाही. १९९६ च्या अखेरीस डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या आक्षेपाला आता अर्थ उरला नाही असे सांगितले. आक्षेप मात्र मागे घेतला गेलेला नाही.

माणसाची ही कथा. वस्तूची कथा याहून उदास आहे आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नाही. कोठडीतील माणसाला घटनेच्या २१ व्या कलमाचा आधार मिळाला. जप्त झालेल्या वस्तूला तो नाही. मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला गेला आणि ३००-अ या कलमात येऊन बसला. जमीनदारांचे अडथळे दूर करणे हा त्यामागचा हेतू होता. त्याचे फळ हातगाडीवाल्यालाही भोगावे लागते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले असेल असे वाटत नाही. ३२ व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट अशा वस्तूसाठी बंद झाली. उच्च न्यायालयाची उरली. आणि गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

कोणत्याही तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात एकदा डोकावून पाहावे. भिंतीकडेला स्कूटर, मोटारसायकली, रिक्षा, एखादा ट्रॅक्टर उभा असतो. टायर जमिनीत रुतलेले, आसनांतून गवत उगवलेले, नंबराच्या पाटीवर गंज चढलेला. हा मुद्देमाल. त्यातील प्रत्येक वाहनामागे कोणाची तरी रोजी होती. खटला पाच वर्षांनी, दहा वर्षांनी उभा राहील तेव्हा हा पुरावा ओळखायला साक्षीदाराला डोळे फाडून पाहावे लागेल. आरोपी निर्दोष सुटला की न्यायाधीश निकालाच्या शेवटी एक ओळ घालतात, मुद्देमाल मूळ मालकास परत करावा, आणि मालक भंगारवाल्याला बरोबर घेऊन ठाण्यावर येतो. ज्याच्या घरी चोरी झाली त्या फिर्यादीचेही याहून बरे होत नाही. त्याचे दागिने एकदा चोर नेतो आणि दुसऱ्यांदा ते पुरावा म्हणून जातात.

हे लेखणीचे अतिरंजन नव्हे. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील एका बाईच्या घरी चोरी झाली, पोलिसांनी दागिने हस्तगत केले आणि ते ठाण्यातूनच नाहीसे झाले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला १०,००० रुपये द्यायला लावले. माल पोलिसांनी न्यायालयाच्या वतीने सांभाळायचा असतो; तो हरविला आणि सरकारने पुरेशी काळजी घेतल्याचे दिसले नाही, तर त्याची किंमत दिलीच पाहिजे, असा तो साधा, खणखणीत न्याय होता. १९९४ मध्ये आंध्रातील एका खत-धान्याच्या व्यापाऱ्याचा खटला आला. त्याचा साठा १९७५ मध्ये जप्त झाला होता. पुढे बराचसा परत करण्याचा हुकूम झाला, तोवर माल कुजून गेला होता. न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले आणि सार्वभौमत्वाच्या जुन्या कल्पनेवर कोरडे ओढले. २००० मध्ये तर मीरतच्या निकालात आता जीव उरलेला नाही असे म्हटले गेले. परंतु ही सर्व पीठे लहान. पाच न्यायमूर्तींचा निकाल त्याहून अधिक न्यायमूर्तींनी मोडल्याशिवाय मोडत नाही आणि तो तसा आजतागायत मोडलेला नाही. सरकारी वकिलाला तो अजूनही दाखला म्हणून पुढे करता येतो.

गुजरातमधील ओलपाड ठाण्याचे प्रकरण २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले. तेथे आरोपी म्हणून उभे होते पोलिसच. मुद्देमालातील वस्तू बदलणे, पैशांचा अपहार, परस्पर लिलाव असे आरोप त्यांच्यावर होते. त्या निमित्ताने न्यायालयाने सांगितले की, पंचनामा करा, छायाचित्रे काढा, हमीपत्र घ्या आणि माल मालकाला द्या. पंधरा दिवस ते महिन्यापलीकडे तो ठाण्यात ठेवण्याचे कारण नाही. हे अतिशय व्यवहारी मार्गदर्शन होते. ते पाळले गेले असते तर ठाण्यांची आवारे केव्हाच मोकळी झाली असती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यातील बराच भाग कायद्यात आणला आहे. चौदा दिवसांत मालाचे वर्णन करावे, चित्रण करावे आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम द्यावा. हे स्वागतार्ह आहे. पण मुदत टळली तर काय? माल बिघडला, बदलला, नाहीसा झाला तर कोणी, किती आणि केव्हा द्यायचे? त्यावर नवी संहिता जुन्याइतकीच मुकी आहे.

आता जप्तीचा हात लांब झाला आहे. महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, बँकेतील खाते हीही पोलिसांनी अडकवून ठेवण्याजोगी मालमत्ता होय. भ्रष्टाचाराच्या तपासासाठी ते आवश्यक होते, यात शंका नाही. आज मात्र दूरच्या कोणत्या तरी राज्यातील पोलिसांच्या एका पत्राने येथल्या किराणा दुकानदाराचे खाते गोठते, कारण त्याच्या एखाद्या गिऱ्हाइकाने दिलेले पाचशे रुपये कुठल्याशा फसवणुकीतून फिरत आले होते. त्याने गुन्हा केला असे कोणी म्हणत नाही. त्याने फक्त साखर विकली. तेवढ्यावरून पुरवठादारांचे धनादेश परत जातात, पत जाते आणि विचारायला कोणाकडे जावे हेही त्याला कळत नाही.

मग कायद्याच्या पुस्तकात भरपाईची सोय मुळीच नाही काय? आहे, आणि ती वाचून हसू येते. निष्कारण अटक करविल्याबद्दल दंडाधिकारी भरपाई देववू शकतो. १९७३ च्या संहितेत तिची मर्यादा होती १०० रुपये. २००५ च्या दुरुस्तीने ती १,००० झाली आणि नव्या संहितेत तेवढीच राहिली. तीही द्यायची पोलिसांनी नव्हे, ज्याने पोलिसांकरवी अटक करविली त्याने. मुंबई पोलीस अधिनियमात, आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, विनाकारण झडती घेणाऱ्या, त्रास देण्यासाठी माल जप्त करणाऱ्या किंवा माणूस अडकवून ठेवणाऱ्या पोलिसाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे. १९५१ साली पाचशे रुपये ही रक्कम होती. राहिला दिवाणी दावा. त्यासाठी मुदतीचा कायदा एक वर्ष देतो. माणसाच्या बाबतीत हे वर्ष सुटकेपासून मोजायचे. कायदेशीर कारवाईच्या नावाखाली झालेल्या चुकीच्या जप्तीच्या बाबतीत मात्र जप्तीच्या दिवसापासून! वस्तू अद्याप ठाण्यात पडून आहे, खटला उभा राहिलेला नाही, जप्ती चूक होती की बरोबर याचा पत्ता नाही, आणि दाव्याची मुदत सरून गेलेली. माणूस आणि वस्तू यांना कायदा किती वेगळ्या तराजूत तोलतो ते येथे दिसते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात. येथे पायरीच काढून घेतलेली आहे.

अशा भरपाईविरुद्ध एक आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. प्रत्येक निर्दोष सुटकेला भरपाईचे शेपूट लागले तर पोलीस कोणाला हातच लावणार नाहीत, आणि दरोडेखोर मोकाट सुटतील. पुराव्याअभावी सुटलेला प्रत्येक जण अन्यायाने पकडलेला होता, असे कोणीच म्हणत नाही. सद्भावाने, वाजवी संशयावरून केलेली अटक चुकीची ठरली म्हणून शिपायाला दंड करू नये. पण चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे न करणे, सुटकेचा हुकूम पेटीत ठेवून माणूस आत ठेवणे, पंचनाम्याशिवाय माल उचलणे, उचललेला माल गमावणे यांत संशयाचा, सद्भावाचा प्रश्न येतोच कोठे? ह्या नियमभंगाच्या गोष्टी आहेत, आणि त्या मोजता येतात. दुसरा आक्षेप खजिन्याचा. पैसा अखेर करदात्यांच्या खिशातून जाणार, हे खरे. पण न दिल्यास तो एकट्या सराफाच्या खिशातून जातो, हेही तितकेच खरे. सगळ्यांच्या संरक्षणासाठी चालविलेल्या पोलीस खात्याच्या चुकीचा भार एकट्याने का उचलावा? सरकारने आधी भरपाई द्यावी, मग दोषी अधिकाऱ्याच्या वेतनातून ती वळती करावी. दिल्लीच्या त्या मुलाच्या प्रकरणात हाच मार्ग दाखविला गेला आहे. भरपाई खजिन्यातून आणि पदोन्नती वेळेवर, ही आजची पद्धत आहे तोवर कोणत्याही ठाण्यावर काही बदलणार नाही.

कायदा करायचा तर तो मोठा असण्याची गरज नाही. बेकायदा कोठडीच्या दर दिवसाला किमान अमुक रक्कम, ती देण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाला, आणि ताब्यात घेतलेल्या मालाबद्दल सरकारचे उत्तरदायित्व गहाण ठेवून घेणाऱ्या सावकाराइतके तरी. सावकाराकडून तारण हरविले तर सरकार त्याचा परवाना काढून घेते. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात अन्यायाने चालविलेल्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालये आणि वैधानिक व्यवस्था सुचविली. त्याचा कायदा झालेला नाही. पहिल्या अहवालाचे जे झाले तेच या अहवालाचे होणार, असे आजचे चिन्ह आहे. त्या दोहोंमध्ये २७५ अहवाल आहेत.

ज्या राज्याविरुद्ध सराफ हरला त्या उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये, बेकायदा अडकवून ठेवलेल्या नागरिकाला २५,००० रुपये देण्याचे धोरण जाहीर केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे का होईना, एका सरकारने आकडा कागदावर मांडला, ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. पण ती माणसाच्या कोठडीपुरती. मीरतच्या कोतवालीतून गेलेल्या त्या १०३ तोळ्यांची किंमत आज कोटीच्या वर भरेल. तशीच घटना उद्या घडली, तर सराफाला पुन्हा दावाच लावावा लागेल, आणि समोरचा सरकारी वकील उठून पहिला निकाल वाचून दाखवील तो १९६४ चा.